पाच म्हाताऱ्या आणि एक पोतं

सकाळी सकाळी सुनेनं खुराड्यात हात घातला आणि अशी काही किंचाळली, की टेम्पोखाली उताणा पडून नटबोल्ट आवळणाऱ्या तिच्या नवऱ्याचं कपाळ लोखंडाला आपटलं.

“अगं आई गं! आत्याबाई, धावा! माझ्या हातात कायतरी आलंय!”

सासू दाराच्या पायरीवर डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली होती. तिनं एक डोळा उघडला.

“गार की गरम?”

“गरम!”

“मऊ की कडक?”

“मऊ! लिबलिबीत! मेलेला उंदीर असेल हो!”

“मेलेला उंदीर गरम कसा असेल, बाई? बोडकीचं अंडं असणार ते. आण हळूच. पिळू नकोस, नाहीतर सगळं बाहीत जाईल.” एवढं बोलून म्हातारीनं उघडलेला डोळा पुन्हा मिटला. देवाचं नाव अजून निम्मं राहिलं होतं.

खरंच अंडंच होतं ते. पण कवचाचा पत्ता नाही. पाणी भरून गाठ मारलेल्या फुग्यासारखं सुनेच्या तळहातावर थुलथुल हलत होतं. आत पिवळा बलक लाजत लाजत इकडून तिकडे फिरत होता.

“बघा,” सून म्हणाली, “आता ह्या कपडे घालायलाही विसरायला लागल्या.”

टेम्पोखालून हसल्याचा आवाज आला. सुनेनं तिकडे बघितलं, तसा तो आवाज पान्याचा झाला.

या घरात माणसं तीन आणि कोंबड्या पाच. पाचही सासूच्या, पाचही म्हाताऱ्या. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की एकीमागं एक अशा बाहेर पडायच्या, जशा काही दवाखान्यात नंबर लावायला निघाल्यात. पुढं थोरली, अंगानं भरलेली, चालताना डुलणारी. तिच्यामागं मानेवर पीस नसलेली बोडकी. मग लंगडी. मग मास्तरीण, ती प्रत्येक दाण्याकडं आधी मान वाकडी करून बघायची, दाण्याचं काहीतरी चुकलंय अशा नजरेनं. शेवटी गप्पी, जिनं जन्मात कधी आवाज काढला नव्हता.

तरुणपणी पाचहीजणी सरळ वागल्या. रोज अंडं, गोल अंडं, एकसारखं अंडं. पण म्हातारपण आलं आणि प्रत्येकीनं आपापली तऱ्हा धरली. बोडकी बिनकवचाचं घालायची. लंगडीच्या अंड्याला कपाळासारख्या आठ्या पडलेल्या असायच्या, जसं काही आत बसून ते काळजी करत होतं. मास्तरीण घालायची ते गोटीएवढं. फोडलं तर आत बलकच नाही, नुसतं पांढरं. गप्पीचं लांबुळकं, एका टोकाला शेपटी आल्यासारखं. आणि थोरली? थोरली दहा-बारा दिवसांतनं एकदा बसायची, पण बसली की असं घालायची की मुठीत मावू नये. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात, तसं होतं सगळं. खुराड्यात हात घातला की काय हाती लागेल ते त्या वरच्यालाच ठाऊक.

सासूला याचं भारी कौतुक. गावात सगळे तिला सुतारीण आजी म्हणत, कारण नवरा सुतार होता. तो जाऊन अकरा वर्षं झाली. ती अंडी ओच्यात घालून शेजारपाजारी दाखवत फिरायची. “बघा तरी! कोणाच्या कोंबडीनं घातलंय असं?” जसं काही पोरांनी शाळेत बक्षीसच आणलं होतं.

पण कौतुकानं खुराडं साफ होत नाही. ते साफ करायची सून. दाणा पाठीवर आणायची सून. आणि ती आठ्यांची, शेपट्यांची अंडी दुकानात घेऊन जायची तीही सूनच. दुकानदार एकेक अंडं उजेडात धरायचा आणि चारचौघांत म्हणायचा, “वहिनी, हे अंडं आहे की बटाटा?” त्या आठवड्यात तर मास्तरणीचं गोटीएवढं अंडं त्यानं काउंटरवर बोटानं टिचकी मारून गडगडत नेलं आणि सगळं दुकान खो खो हसलं. सून घरी आली ती निश्चय करूनच आली.

“आत्याबाई, कोंबडीवाल्याला सांगितलंय मी. शुक्रवारी संध्याकाळी सायकलवर पिंजरा घेऊन येतो. पाचही जाणार. नव्या तरण्या तलंगा आणू या.”

म्हातारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“पाचही?”

“पाचही. खातात मणभर, देतात कणभर. वर त्या कणाला शेपटी!”

“अगं, म्हाताऱ्या झाल्या त्या. म्हातारपणी हात थरथरतो, तसं त्यांचं अंडं थरथरतं. ज्यानं चोच दिली तो चारा देईल की.”

“तो देतो, पण पाठीवरून आणते मी!”

म्हातारीनं टेम्पोकडं बघितलं. टेम्पोखालून दोन पाय बाहेर आले होते, ते हळूच आत गेले. टेम्पो अगदी ठणठणीत होता. पण घरात सासू-सून समोरासमोर आल्या की त्या टेम्पोत हमखास बिघाड व्हायचा.

मग म्हातारी म्हणाली, “शुक्रवारी शाळेत प्रदर्शन आहे ना? मोठा भोपळा, गुटगुटीत वासरू, तसं वजनदार अंड्याला पण बक्षीस आहे. कोंबडखाद्याचं अख्खं पोतं. ते मी आणलं तर?”

सुनेला हसू आलं. “आणा पोतं. पोतं आणलंत, तर ते संपेपर्यंत मी तुमच्या म्हाताऱ्यांचं नाव काढणार नाही. नाही आणलंत, तर संध्याकाळी पिंजरा.”

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

हे झालं सोमवारी. आणि बुधवारी दुपारी, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, थोरली खुराड्यात शिरली ती तीन तास बाहेरच आली नाही. आतून असा आवाज येत होता, की कोणी जड कपाट सरकवतंय. शेवटी एक लांबलचक आरोळी आली आणि म्हातारी भिजत धावली. आत बघून तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले.

“सूनबाई! अगं सूनबाई! हे अंडं नाही गं, हे तर कलिंगड आहे!”

सून डोकावली. टोपल्यातल्या भुशात पडलं होतं ते खरंच हंसाच्या अंड्याएवढं होतं. ती मनातून जरा चरकली. पण तोंडानं एवढंच म्हणाली, “आत ठेवा फडताळात.”

“छे! फडताळात सुकतं. वजन कमी होतं. तिच्या पोटाखालीच राहू दे शुक्रवारपर्यंत.”

आता त्या टोपल्यात आणखी एक अंडं होतं, लाकडाचं. कोंबड्यांना बसायची जागा कळावी, एक अंडं बघून दुसरं घालायची बुद्धी व्हावी, म्हणून टोपल्यात खोटं अंडं ठेवतात. कोणी दगडाचं ठेवतो, कोणी खडूचं. पण सुताराच्या घरात ते लाकडाचंच असणार. म्हातारीचा नवरा हात राखून काम करणारा नव्हता. त्यानं बनवलं ते नेहमीच्या दुप्पट बनवलं आणि इतकं घासलं, की पहिल्याच दिवशी कोंबड्या त्याच्यावरून भांडल्या. अकरा-बारा वर्षं कोंबड्यांच्या पिढ्या त्यावर बसत आल्या होत्या. चुना उडून, मळ बसून त्याला असा काही रंग आला होता, की देवानंच रंगवावा. ते टोपल्यातनं कधी काढायचं नाही, असा म्हातारीचा दंडक होता. सून रोज त्याच्याभोवतीनं झाडायची, पण उचलून असं तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

शुक्रवारी उजाडलं तेव्हा पाऊस थांबला होता, पण आभाळ अजून गोधडी पांघरून बसलं होतं. तीन दिवसांच्या झडीनं माती अशी मातली होती, की पाऊल टाकलं तर धरून ठेवायची आणि सोडायची झाली तर बदल्यात चप्पल मागायची. म्हातारी नवं लुगडं नेसून पायरीवर उभी. खुराड्यापर्यंत नुसता रबरबाट.

“सूनबाई, तेवढं अंडं आण गं. माझे पाय भरतील.”

सून आधीच वैतागलेली. तरी उतरली. खुराड्यात मिट्ट अंधार. थोरली टोपल्यात बसून राहिलेली. सुनेनं तिच्या पोटाखाली हात घातला, तर थोरलीनं मनगटावर असा टोचा मारला की डोळ्यांत पाणी आलं. बोटांना एक मोठं, गुळगुळीत, गरम असं काही लागलं, ते तिनं ओढून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि सासूच्या हातात दिलं.

“घ्या तुमचं कलिंगड. चला आता.”

म्हातारीनं फडकं हातात घेतलं. क्षणभर तळहातावर तोललं. सुनेच्या मनगटावरच्या रक्ताकडं आणि घोट्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पायांकडं बघितलं. फडक्याची गाठ आवळली. म्हणाली, “चल. देव बघून घेईल.”

शाळेचं पटांगण माणसांनी फुललं होतं. भोपळे, वासरं, मक्याची कणसं. व्हरांड्यात टेबल, टेबलावर वजनकाटा, काट्यामागं तालुक्याहून आलेला गुरांचा डॉक्टर. बिचारा तरुण होता, गाईला न भिणारा पण बायकांना भिणारा. त्याच्या शेजारी हेडमास्तर, नियमांचा कागद घेऊन. हेडमास्तर म्हणजे नियमाचे इतके पक्के, की घरी पानात आधी काय वाढायचं याचाही त्यांनी कागद केला होता म्हणतात.

“बारा वाजता घंटा. बाराव्या टोल्यानंतर अंडं घेतलं जाणार नाही!” त्यांनी जाहीर केलं.

सर्वांत पुढं गिरणीवाली. पिठाच्या गिरणीची मालकीण. तिच्याकडं बारा पांढऱ्याशुभ्र तरुण कोंबड्या होत्या आणि त्यांचा तिला एवढा अभिमान, की त्यांना ती खुराड्यात ठेवते की कपाटात, असं लोक विचारायचे. तिचं अंडं काट्यावर चढलं. डॉक्टर म्हणाला, “एक्काहत्तर ग्रॅम.” टाळ्या पडल्या. बक्षिसाच्या पोत्यावर हात ठेवून ती उभीच राहिली, जसं काही ते घरी न्यायला फक्त टेम्पो यायचा राहिला होता.

मग सुतारीण आजीनं फडकं सोडलं.

पटांगणातून एक ‘हां’ निघाला. डॉक्टरनं चष्मा वर केला. “एकशे अठरा!”

“अरे देवा!” “अंडं म्हणायचं का भोपळा?” “हेडमास्तर, हे भोपळ्यांच्या टेबलावर ठेवा!” एकच गलका झाला. मागं उभ्या असलेल्या सुनेला वाटलं आपण हरलो. आणि गंमत अशी, की हरल्याचं वाईट वाटायच्या ऐवजी तिला छातीत काहीतरी फुगल्यासारखं वाटत होतं.

“बघू तरी,” म्हणत गिरणीवालीनं हात पुढं केला. दोन बोटांत ते अंडं उचललं. मोठं ते, गुळगुळीत ते. सटकलं.

अंडं व्हरांड्याच्या दगडी पायरीवर पडलं. टण्ण! उडालं. दुसऱ्या पायरीवर, टण्ण! तिसऱ्या पायरीवर, टण्ण! आणि गडगडत जाऊन एका वासराच्या पायाशी थांबलं. वासरानं ते चाटलं.

मग म्हातारी पायऱ्या उतरली, तिनं ते उचललं, उलटंपालटं केलं आणि बोळक्या तोंडानं मोठ्यांदा म्हणाली, “अगं बाई! हे तर आमच्या ह्यांनी केलेलं अंडं!”

मग जे हसू फुटलं! माणसं भोपळ्यांवर बसली. एकजण हसताना मक्याच्या ढिगात गेला तो दिसेनासाच झाला. पण गिरणीवाली हसत नव्हती.

“लबाडी! धडधडीत लबाडी! लाकूड रंगवून आणलं म्हातारीनं! खोडा नाव!”

“माझीच चूक,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “डोळे अधू झाले. अंधारात दुसरंच उचललं मी.”

सुनेच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. उचललं मी! म्हातारीनं खुराड्यात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. ती पुढं आली.

“त्यांनी नाही. मी उचललं. माझ्या हातानं.”

“तू?” गिरणीवालीनं कमरेवर हात ठेवले. “मग तर सगळा उलगडा झाला. कोंबड्या विकायला निघालेली तूच ना? सासू हरावी म्हणून मुद्दाम लाकूड दिलंस! वा गं सून!”

सगळी डोकी वळली. गावानं एकदा का असं बघितलं, की ते बघणं अंगाला चिकटतं, साबणानं जात नाही. सुनेनं सासूकडं बघितलं. म्हातारी नुसती मान हलवत होती, नाही म्हणून.

“हेडमास्तर,” सून म्हणाली, “बाराला किती कमी?”

“सतरा मिनिटं.”

“घंटा वाजवायची घाई करू नका!” आणि तिनं पदर खोचला.

शाळेपासून घर म्हणजे एरवी आठ मिनिटं. पण त्या चिखलात आठ मिनिटं कुठली! पहिली चप्पल पारावर गेली... म्हणजे पाराच्या अलीकडच्या खड्ड्यात. दुसरी तिनं स्वतःच काढून फेकली, कारण एक पाय उंच आणि एक बुटका घेऊन पळता येत नाही. एक म्हैस रस्त्यात आडवी होती, तिला सून म्हणाली, “सरका हो वहिनी,” आणि म्हैस सरकलीही. धापा टाकत ती खुराड्यात घुसली.

“थोरले, ऊठ!”

थोरली उठेना. तिच्या खालचं एक अंडं सकाळीच चोरीला गेलं होतं, आता दुसरं ती कशी देईल? पंख पसरून ती टोपल्यात अशी रुतून बसली, जसं काही त्या घराचा उतारा तिच्या नावावर होता. सुनेनं हात घातला, टोचा बसला. दुसरा हात घातला, तिथंही टोचा.

“अगं बाई, तुझ्यासाठीच धडपडतेय मी! संध्याकाळी पिंजरा येणार आहे, कळतंय का तुला?”

थोरलीला काही कळलं नाही. मग सुनेनं कोंबडी, भुसा, अंडं यांसकट सगळं टोपलंच उचललं, डोक्यावर घेतलं आणि निघाली. वर थोरली राणीसारखी बसलेली, मान उंच करून गावाची पाहणी करत. खाली सून, घोट्यापर्यंत चिखल, तोंडानं अखंड “देवा, देवा, देवा.”

पाराजवळ आली आणि घंटा सुरू झाली. एक. दोन. तीन. सून जीव खाऊन पळाली. पाच. सहा. पाय घसरला. ती धपकन चिखलात बसली, पण दोन्ही हात वर, टोपलं वर, टोपल्यातली थोरली जागच्या जागी. सात. आठ. आता संपलं सगळं, ती मनात म्हणाली. आणि घंटा थांबली.

मग पुन्हा सुरू झाली. एक. दोन.

सुनेला वाटलं, आपल्या डोक्यावर परिणाम झाला. पण डोक्याला पटो न पटो, पायांनी ऐकलं. ती उठली आणि पळाली. सात झाले आणि पुन्हा थांबले. पुन्हा एक! पटांगणात पोचली तेव्हा तिला दिसलं. हेडमास्तर घंटेपाशी घामाघूम उभे आणि त्यांच्या पुढ्यात सुतारीण आजी.

“सात,” हेडमास्तर ओरडले.

“सहा झाले ना, मास्तर?” आजी भोळेपणानं म्हणाली.

“सात!”

“नाही हो, मी मोजत होते. मघाशी तो एक बारीक वाजला, तो तुम्ही धरला का? नियमात बसतो का तो?”

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. नियमाचा माणूस, शंका आली की त्याला अन्न गोड लागत नाही. “पुन्हा मोजतो,” ते म्हणाले आणि चौथ्यांदा घंटेवर हात उगारला. तेवढ्यात टेबलावर टोपलं आदळलं.

“घ्या!” सून म्हणाली. पुढं तिला बोलवेना.

थोरलीला कोणी उठवायचं? डॉक्टर पुढं आला आणि त्यानं तिच्या कानाशी, म्हणजे जिथं असेल तिथं, काहीतरी पुटपुटत तिला अलगद उचललं. बायकांना भिणारा माणूस, पण कोंबडीशी बोलायला लाजला नाही. भुशात ते अंडं होतं. काट्यावर ठेवलं. डॉक्टरनं काट्यावर टिचकी मारली. पुन्हा बघितलं.

“एकशे बासष्ट.”

“ह्यातही लाकूड असेल!” गिरणीवाली किंचाळली. “फोडा! सगळ्यांसमोर फोडा!”

“फोडा,” म्हातारी म्हणाली.

सून टेबलाशी सरकली. दोन दिवस कोंबडीच्या उबेत राहिलेलं अंडं, आत काय झालं असेल कोणाला ठाऊक. डॉक्टरनं वाडगा घेतला, काठावर हलकेच आपटलं. कवच उकललं. पांढरं आलं, पिवळाधमक बलक आला आणि त्यांच्यामागून, पाहुण्यांच्या घोळक्यातून यजमान यावा तसं, आणखी एक अंडं आलं. अख्खं. कवचासकट. ते वाडग्यात गिरकी घेऊन उभं राहिलं.

मग मक्याच्या ढिगातून डोकं बाहेर काढून तो मघाचा माणूस म्हणाला, “आता ह्याच्या आत कोण आहे बघा!”

पटांगण पुन्हा कोसळलं. डॉक्टर तर टाळ्याच वाजवायला लागला. “पुस्तकात वाचलं होतं! प्रत्यक्ष पहिल्यांदा बघतोय! म्हाताऱ्या कोंबडीचं एक अंडं मागं फिरतं, त्याच्यावर दुसरं चढतं!”

“दुसरं चढतं ना?” गिरणीवालीनं तेवढंच पकडलं. “म्हणजे दोन अंडी! नियम एका अंड्याचा आहे! हेडमास्तर, कागद काढा!”

हेडमास्तरांनी कागद काढला. वाचला. उलटा करून वाचला. “एका कोंबडीचं एक अंडं,” ते कष्टी आवाजात म्हणाले. “गिरणीवाल्या वहिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे.”

नऊ वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आलेली ही बाई चारचौघांत कधी मोठ्यांदा बोलली नव्हती. पण अंगावर एवढा चिखल चढला, की माणसाला लाजायला जागा उरत नाही.

“गिरणीवाल्या वहिनी,” ती म्हणाली, “तुमच्या धाकट्याच्या वेळी तुम्हाला आठवा महिना लागला होता तेव्हा आपण एकाच बसनं माहेरी गेलो होतो. आठवतं? तेव्हा कंडक्टरनं तुमच्याकडं दोन तिकिटं मागितली होती का?”

आधी एक बाई हसली. मग सगळ्या बायका. मग पुरुष, थोडे उशिरा, कळल्यावर. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि तेही हसले. त्यांना हसताना शाळेनं पहिल्यांदाच बघितलं असावं, कारण दोन मुलं घाबरली.

“वजनाच्या वेळी कवच एक होतं,” त्यांनी निर्णय दिला, “म्हणून अंडं एक. आतल्याचा प्रश्न जन्मानंतरचा!”

गिरणीवालीनं पोत्यावरचा हात काढला. पण बाई मनानं कोती नव्हती. जाता जाता वाडग्यातल्या त्या आतल्या अंड्याला तिनं बोटानं हळूच शिवून पाहिलं आणि म्हणाली, “आजी, हिचं अंडं उबवायला ठेवलंत कधी, तर मला एक पिल्लू सांगून ठेवा हं.”

इकडं थोरली टेबलावर मोकळी होती. पडलेलं लाकडाचं अंडं कोणीतरी बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर ठेवलं होतं. थोरलीनं ते बघितलं. मान वाकडी केली. मग शांतपणे चालत गेली, त्यावर बसली आणि डोळे मिटले. प्रमाणपत्र, अंडं आणि थोरली अशी तिन्ही तशीच टोपल्यात घालून घरी न्यावी लागली. पोतं आणायला टेम्पो आला. त्यात त्या दिवशी काही बिघाड नव्हता.

वाटेत, टेम्पोच्या मागच्या फळीवर पोत्याला टेकून बसलेल्या सुनेनं विचारलं, “आत्याबाई, सुताराच्या बायकोला लाकूड हातात घेऊन कळू नये?”

म्हातारी टोपल्यावर हात ठेवून बसली होती.

“फडक्यातच कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“नऊ वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या कोंबडीच्या कौतुकासाठी चिखलात उतरली होतीस. वर तिनं टोचलं तुला. पुन्हा कुठं परत पाठवू?”

“आणि हरलो असतो तर?”

“तर हरलो असतो. अगं, कोंबड्या काय, आज ना उद्या जायच्याच. मीसुद्धा जायची आहे.” मग जरा थांबून, “पण ती घंटा काही मी अशी सुखासुखी वाजू दिली नसती.”

सून हसायला लागली. म्हातारीही हसायला लागली. टेम्पो खड्ड्यातनं उसळायचा, तसं त्यांचं हसू वर उडायचं आणि खाली यायचं. थोरली मधनंच एक डोळा उघडून दोघींकडं बघायची.

संध्याकाळी कोंबडीवाला आला. सायकलीला पिंजरा, पिंजऱ्याला चिखल.

“आणा वहिनी, कुठं आहेत तुमच्या पाच म्हाताऱ्या?”

सून दारात उभी होती. पाय धुतले होते, पण नखांत माती होतीच.

“पाच नाहीत, सहा आहेत,” ती म्हणाली. “आणि एकही द्यायची नाही. चहा घेणार का?”

कोंबडीवाल्यानं अंगणात बघितलं. पाच कोंबड्या आणि पायरीवर सुतारीण आजी. त्यानं हिशेब लावला, हसला आणि चहा घेतला.

आता तुम्ही म्हणाल, पोतं खाऊन कोंबड्यांनी ढिगानं अंडी घातली असतील. नाव नको! पोतं फोडलं त्या दिवसापासून पाचहीजणी अशा तृप्त झाल्या, की जणू सगळ्यांनी एकदमच पेन्शन घेतली. सकाळी ओळीनं बाहेर पडायच्या, पोटभर खायच्या, उन्हात पसरायच्या. दोन महिने खुराड्यात लाकडाच्या अंड्याशिवाय काही नव्हतं. सून रोज हात घालायची, रोज तेच हाती यायचं आणि रोज ती त्याला म्हणायची, “मामंजी, निदान तुम्ही तरी जागेवर आहात.”

मग एक दिवस पोत्याचा तळ लागला. शेवटची ओंजळ सुनेनं अंगणात टाकली, रिकामं पोतं झटकून दोरीवर वाळत घातलं. शपथ संपली होती. सासू पायरीवर डोळे मिटून बसली होती, देवाचं नाव घेत, पण ते त्या दिवशी जरा जोरात घेत होती. सुनेनं नेहमीसारखा खुराड्यात हात घातला. बोटांना भुशात काहीतरी बारीक, गोल, गरम लागलं. तिनं ते बाहेर काढलं. गोटीएवढं.

मास्तरीण समोरच उभी होती, मान वाकडी करून, अंड्यातली चूक शोधत.

सुनेनं ते अंडं उन्हात धरलं, मग टेम्पोच्या दिशेनं ओरडली, “अहो, उद्या येताना दाण्याचं पोतं घेऊन या!” आणि पायरीकडं वळून म्हणाली, “आत्याबाई, उघडा डोळे. मास्तरणीनं फी भरली!”